पाच नंबरची काठी

दुकानात जो माल विकला जातो, तो आपली गोष्ट घेऊन गिऱ्हाइकाबरोबर निघून जातो. पडून राहिलेल्या मालाच्या गोष्टी मात्र दुकानातच साठत जातात. खिळ्यांना गंज चढतो, गोष्टींना तोही चढत नाही. माझं अंधेरी पश्चिमेला हार्डवेअर आणि दोरखंडाचं दुकान. वर्सोव्याचे कोळी नायलॉनचा दोर न्यायला यायचे, सोसायट्यांतले लोक नळाचे वॉशर. मी आठवीत शाळा सोडली, जे शिकलो ते काउंटरच्या अलीकडे उभं राहून. पण एका वस्तूने मला सहा वर्षं शिकवलं, आणि ती मी शेवटपर्यंत विकली नाही. तिचेच हे किस्से.

*

माझा शाळासोबती वसंता बोटीवर इंजिनरूममध्ये होता. देशात रंगीत टीव्ही आले त्या वर्षी तो सुट्टीवर आला, तो माझ्यासाठी कापडी पिशवीत एक लांबट काहीतरी घेऊन. कुठल्याशा बंदरावर त्याला ते स्वस्तात मिळालं होतं.

कस्टमच्या साहेबांनी त्याला विचारलं, "हे काय?"

वसंताला स्वतःलाच नीट माहीत नव्हतं. तो म्हणाला, "पडद्याची काठी."

"इतकी बारीक?"

"पडदा मलमलचा आहे, साहेब."

साहेब हसले आणि जा म्हणाले.

मी पिशवी उघडली. दोन तुकडे, एकात एक बसणारे. जोडल्यावर साडेसात फूट, आणि हातात घेतली तर हातात काही घेतलंय असं वाटूच नये. फायबरची मासे धरायची काठी, एवढं मला कळलं. माझ्याकडे खाडीतल्या मासेमारीचं, दोरी गुंडाळायचं एक दणकट रीळ होतं, ते मी तिला लावलं आणि आमच्या हिरामणला दाखवलं. हिरामण वर्सोव्याचा कोळी, स्वतःची होडी असलेला. दुपारच्या वेळी माझ्या बाकावर बसल्याशिवाय त्याचा दिवस जायचा नाही.

हिरामणने काठी एकदा हलवली. टोक थरथरलं. त्याने ती अदबीने काउंटरवर ठेवली.

"भाऊ, ही काठी नाय. ही अगरबत्ती हाय."

मी ती भिंतीवर टांगून टाकली.

*

दुकानाचा फोन बंद पडला होता, तो दुरुस्त करायला एक गृहस्थ आले. नाईक त्यांचं नाव. राहायला घाटकोपरला, पन्नाशी ओलांडलेले, शर्टाच्या खिशात टेस्टर. त्यांनी वायर जोडली, चाचणीसाठी एक्स्चेंजला फोन लावला, रिसीव्हर कानाला धरला आणि त्यांची नजर भिंतीवर गेली.

पलीकडचा माणूस "हॅलो, हॅलो" करतोय, ते मला काउंटरवरून ऐकू येतंय, आणि नाईक भिंतीकडे बघतायत. शेवटी पलीकडच्याने कंटाळून फोन ठेवला.

"हात लावू का?" नाईकांनी विचारलं. देवळात विचारावं तसं.

त्यांनी काठी उतरवली. मुठीच्या जरा वर बारीक अक्षरात काहीतरी लिहिलं होतं, ते चष्मा वर करून वाचलं. "पाच. हिला पाच नंबरचीच दोरी लागेल."

"का? चपला आहेत का?" मी म्हटलं.

ते हसले नाहीत. त्यांनी मला समजावून सांगितलं. आपल्या गळाला शिशाचं वजन असतं, ते दोरीला ओढून नेतं. इथे वजन नसतंच. गळ म्हणजे पिसांची केलेली माशी, फुंकर मारली तर उडेल अशी. तेव्हा वजन दोरीचंच. काठीचा नंबर आणि दोरीचा नंबर जुळला तर दोरी हवेत उलगडत जाते आणि माशी पाण्यावर अलगद उतरते, खरी माशी उतरावी तशी.

"तुम्हाला कसं माहीत?"

"वयाच्या बाविसाव्या वर्षी वायरलेसवर होतो. कुल्लूच्या वर, नदीकाठी. आमच्या साहेबांनी एकदा दहा मिनिटं स्वतःची काठी माझ्या हातात दिली होती."

"मग? लागला मासा?"

"एक ट्राउट वर आला. माशीपर्यंत आला, बघितलं आणि परत खाली गेला." नाईकांनी काठी भिंतीवर टांगली. "तीस वर्षं उलटली त्या गोष्टीला. मला अजून तिथे जाऊन उभं राहायचंय."

मग त्यांनी माझं दणकट रीळ बोटाने टोकलं. "आणि भाऊ, हे काढून ठेवा. बैलगाडीचं चाक सायकलला लावलंयत तुम्ही."

*

त्या दिवसापासून दर शनिवारी नाईक घाटकोपरहून बसने अंधेरीला. काम एकच, काठीला जुळणारं रीळ शोधणं. काठीच्या मुठीखाली एक बोट धरायचं. रीळ योग्य असेल तर काठी त्या बोटावर आडवी तोलून राहते, ना टोक खाली जात, ना बूड. तशी राहिली तर दिवसभर दोरी फेकली तरी मनगट दुखत नाही.

चोरबाजारातून मी चार रिळं आणली. चारही नापास. मग पाचवं मिळालं, त्याचं वजनच करून बघू म्हणून आम्ही शेजारच्या सोनाराकडे गेलो. त्याने ते तराजूत टाकलं, काळं, लहानसं, बशीएवढंही नाही. भिंगातून चारी बाजूंनी बघितलं.

"दहा तोळे," तो म्हणाला. "घडणावळ साधी आहे. मुलीकडचे नाराज होतील."

*

ते रीळही नाईकांना पटेना. आणखी अर्धा तोळा कमी हवं म्हणाले.

त्याच सुमाराला जुहूकडून एक सिनेमावाला आला. हिरो तळ्याकाठी बसलेला दाखवायचा होता. म्हणाला, "काठी द्या ती. मासे नकोत, दिसायला झकास पाहिजे फक्त." चांगल्या भावाला मागत होता. मी म्हटलं, विकली गेली.

शनिवारी नाईकांना सांगितलं, "काठी विकली गेली बरं का."

त्यांचा चेहरा उतरला. "कोणाला?"

"तुम्हाला."

"पण मी घेतली कुठे अजून?"

"तेच विचारतोय मी."

काउंटरमागे आयुष्य काढल्यावर एक गोष्ट समजते. गिऱ्हाईक पुष्कळदा वस्तू निवडत नसतं, वेळ काढत असतं. रीळ जुळलं की काठी घ्यायला लागणार. काठी घेतली की जायला लागणार. आणि जाऊन मासा पुन्हा तसाच बघून परत गेला तर?

*

दोरी वसंताने पुढच्या फेरीत आणली. हिरवी, पाच नंबरची. सराव करायचा म्हणून नाईक काठी घरी घेऊन गेले, "उसनी" म्हणून. रविवारी मलाही बोलावलं. त्यांच्या बिल्डिंगच्या गच्चीवर दोरीच्या टोकाला गळाऐवजी लोकरीचा गोंडा बांधला, लांब एक थाळी ठेवली. गोंडा थाळीत पडला पाहिजे.

"पुढे टाकणं सोपं असतं, भाऊ," नाईक सांगत होते. "मागे थांबणं अवघड. दोरी पाठीमागे पुरती उलगडेपर्यंत हात हलवायचा नाही. घाई केलीत की संपलं."

तिसऱ्या रविवारी गोंडा सेक्रेटरी मेहताभाईंच्या वाळवणावर पडला आणि एक पापड घेऊन परत आला. संध्याकाळी जिन्यापाशी फळ्यावर नोटीस लागली: "गच्चीवर मासेमारी करण्यास सक्त मनाई आहे."

बिल्डिंग सगळी शाकाहारी. नाईक मेहताभाईंना म्हणाले, "अहो, गच्चीवर मासे आहेत कुठे?"

मेहताभाई शांतपणे म्हणाले, "आज नाय हाय. पण तुमी रोज शोधते ना."

*

माशा नाईक स्वतः बांधायचे. कोंबडीवाल्याकडची मानेवरची पिसं, रेशमी दोरा, इवलासा गळ. एकदा त्यांना चमकणारं पोट हवं होतं, तर त्यांनी वहिनींच्या शालूच्या पदरातून जरीचे चार धागे काढले. वहिनी मालवणच्या, माशांतल्या जाणकार, नवऱ्याला सोडून इतर कुणाला न भिणाऱ्या, आणि नवऱ्यालाही नाहीच म्हणा.

त्या शनिवारी वहिनी दुकानात आल्या, मुठीत ती माशी घेऊन.

"भाऊजी, बघा. लग्नातलो शालू माझो, आणि नेसली ही."

नाईक म्हणाले, "अगं, माशाला देखणी दिसायला हवी ना."

"माका बघूक इलंस तेव्हा तू असो शालू बघलंस काय रे?"

हिरामणने माशी तळहातावर घेतली, उलटसुलट करून बघितली. "वैनी, रागवू नका. ही गळाला लावायची नाय. हिला स्थळ बघायचं."

वहिनींना हसू आवरेना. जाताना मला हळूच म्हणाल्या, "भाऊजी, ह्येंका एकदा घेऊन जावा हो तिकडे. रात्री झोपेतसुद्धा हात हलतत ह्येंचे."

मला वाटलं, झोपेत दोरी फेकत असतील.

*

पुढच्या पावसाळ्यात सातवं रीळ आलं. तेही काळं, त्या दहा तोळेवाल्यापेक्षा किंचित हलकं. नाईकांनी काठीला लावलं, बोटावर धरलं. टोक खाली गेलं, वर आलं, पुन्हा खाली गेलं.

"हेही नाही बसत," मी म्हटलं.

नाईक म्हणाले, "रीळ बरोबर आहे, भाऊ. बोट हलतंय."

मी त्यांच्या हाताकडे बघितलं. मग त्यांच्याकडे बघवेना, म्हणून काठी माझ्या बोटावर घेतली. ती तोलून राहिली, सुतभरही न हलता.

डॉक्टरांनी त्यांना आधीच सांगितलं होतं, हाताची ही थरथर वाढत जाणार. अर्धा अर्धा तोळा कमी करत ते या बोटावरही तोलून राहील असं रीळ शोधत होते, ते मला तेव्हा कळलं.

हिरामण बाकावरून उठला आणि पहिल्यांदाच काही थट्टा न करता निघून गेला. जाताना दारात थांबून मला म्हणाला, "भाऊ, दुकान काय पळून जातंय का?"

*

वैशाखात मी दुकानाला पंधरा दिवस कुलूप लावलं. नाईक, वहिनी आणि मी कुल्लूला गेलो, तिथून बसने आणखी वर. नदी बघून मला तर बर्फाचं दुकान उघडलंय असंच वाटलं. परवाना काढला, माणशी एकेक.

पहिल्या दिवशी नाईक सकाळपासून दुपारपर्यंत उभे होते. दोरी हवेत जायची आणि हाताच्या थरथरीने वाटेतच ढिली पडायची, त्यांच्या पायाशी वेटोळं होऊन पडायची. दुसऱ्या दिवशी तेच. वहिनी दगडावर बसून विणत होत्या, पण सुई चालत नव्हती.

तिसऱ्या दिवशी नाईकांनी काठी माझ्या हातात दिली.

"तुम्ही टाका. मी सांगतो."

"नाईक, मी खिळे विकणारा माणूस."

"म्हणूनच. घाई नसते तुम्हाला."

ते माझ्यामागे पाण्यात उभे राहिले, खांद्यावर हात ठेवून. त्यांच्या हाताची थरथर मला शर्टातून जाणवत होती. "मागे... थांबा... थांबा... आता." दोरी गेली. नाही. पुन्हा. "थांबा... थांबा... आता." असं किती वेळ चाललं, सांगता येणार नाही. माझे पाय गुडघ्याखाली आहेत की नाहीत, तेही कळेनासं झालं होतं.

मग एकदा ती दोरी अशी उलगडली की मलाच खरं वाटेना. जरीच्या पोटाची माशी मोठ्या खडकामागच्या संथ पाण्यावर उतरली. पाणी खालून फुगलं. माशी दिसेनाशी झाली आणि काठी वाकली.

"नाईक!"

"द्या," ते म्हणाले. "मला द्या."

मी काठी दिली. त्यांनी दोन्ही हातांनी धरली, मूठ छातीशी. काठीचं टोक थडथड उडत होतं, हिरवी दोरी पाण्यात थरथरत होती, त्यांचे दोन्ही हात खांद्यापर्यंत थरथरत होते. वहिनी पाण्याच्या काठापर्यंत आल्या होत्या. मी विचारलं, "नाईक, मी धरू?"

नाईकांनी मान हलवली, नको म्हणून. त्यांचे डोळे दोरीवरच होते.

"भाऊ," ते म्हणाले, "आता यातला मी कुठला आणि तो कुठला, काही कळत नाहीये."