राखेचे ठिपके

परळीत फोटो स्टुडिओ चालवायचा म्हणजे निम्मं आयुष्य राख पुसण्यात जातं. वीज केंद्राची राख निगेटिव्हवर बसते, लेन्सवर बसते, स्कॅनरच्या काचेवर तर हमखास. नव्वदचं दशक संपता संपता मी संगणक घेतला आणि पहिली कला शिकलो ती हीच: फोटोवर काळा ठिपका दिसला की माऊसने उडवायचा. यात माझा हात धरणारा तालुक्यात कुणी नाही, असा माझा तोरा होता.

एक मावशी नवऱ्याचा फोटो मोठा करून घ्यायला आल्या. वर्षश्राद्ध महिन्यावर आलं होतं आणि घरात त्या माणसाचा दुसरा फोटोच नव्हता. साखर कारखान्याच्या ओळखपत्रावरचा, टपालाच्या तिकिटाएवढा काय तो एक. माझ्या चौदा इंची मॉनिटरवर चेहरा ठिपक्यांनी भरलेला दिसला. दोन दिवस बसून मी एकूण एक ठिपका उडवला.

फ्रेम हातात घेऊन मावशी बराच वेळ बघत राहिल्या. "ह्ये आमचे मालक वाटंना गेलेत, दादा."

मी उखडलोच. "अहो, राख साफ केलीय, म्हणून वेगळं वाटतंय!" त्या फ्रेम घेऊन गेल्या.

पुढच्याच आठवड्यात मोठा मॉनिटर घ्यायला औरंगाबादला गेलो. दोन मॉनिटर शेजारी ठेवून पारखायचे तर फोटो आपल्या ओळखीचा हवा, म्हणून माझ्या कामांची सीडी सोबत नेली होती. दुकानदाराने नेमका मावशींच्या नवऱ्याचा मूळ स्कॅन उघडला. स्वस्तातल्या पंधरा इंचीवर तीच राख. मग सतरा इंचीवर तोच फोटो आला आणि दुकानदार खुशीत म्हणाला, "क्लिअरिटी बघा साहेब! देवीचे वण सुद्धा मोजून घ्या."

मी स्क्रीनजवळ वाकलो. प्रत्येक ठिपक्याच्या एका कडेला उजेड होता, दुसऱ्या कडेला सावली. ते खड्डे होते. मी राख समजून एका माणसाचा चेहराच पुसून टाकला होता, आणि वर त्याच्या बायकोवर ओरडलो होतो. दुकानदार गॅरंटीचं काहीतरी सांगत होता, मला एक अक्षर ऐकू येत नव्हतं.

मॉनिटर घेऊन परतलो, फोटो पुन्हा केला, एकाही वणाला हात लावला नाही. फ्रेम घेऊन स्वतः मावशींच्या घरी गेलो. माफी कशी मागायची ते वाटेत ठरवलं होतं, पण त्यांनी बोलूच दिलं नाही. फ्रेम मांडीवर घेऊन त्या फोटोतल्या गालावरून बोट फिरवत राहिल्या.

"ह्येच की," त्या म्हणाल्या. "लई भ्याले होते मी. मला वाटलं, वरीस व्हायच्या आतच मी मालकाचं तोंड इसरले."