सोंडेपाशी अडलेला साचा

लग्न होऊन मी रोह्याहून हमरापूरला आले, तेव्हा आमच्या गणपतीच्या कारखान्यात साचे प्लास्टरचे होते. तुकड्यातुकड्यांचे, जड. त्या हिवाळ्यात सासऱ्यांनी शाडूचा नवा नमुना घडवला. हात कापायचे त्यांचे. सोंडेचा बाक जमेपर्यंत कितीदा मोडून पुन्हा केला. असा नमुना त्यांच्याच्याने परत होणार नाही, हे सगळ्यांना कळत होतं.

माझ्या नवऱ्याने पेणला रबराचा साचा पाहिला होता. मोज्यासारखा सोलून निघतो, बारीक नक्षीही उतरते.

"बाबा, याच नमुन्यावर करू."

"आणि चिकटला तर? माझी मूर्ती जायची."

बापलेकांचं बोलणंच बंद झालं. शेवटी एका सकाळी सासरे मला म्हणाले, "कर म्हणावं त्याला. पण लेप तू दे गो. तुझा हात हलका हाय."

मी ब्रशने पातळ रबराचे हात देत गेले. उग्र वासाने डोळ्यांतून पाणी यायचं. एक थर सुकला की दुसरा, मधे जाळीचं कापड. वरून आधाराला प्लास्टरचं कवच.

सोलायच्या दिवशी कुणी चहासुद्धा घेतला नाही. नवऱ्याने कवच काढलं, खालून रबर उलटवत आणलं. पोटापर्यंत सरळ आलं. सोंडेपाशी अडलं. त्याने जोर लावला.

"थांबा!" मी ओरडले. रबराच्या आत साबणाचं पाणी ओतून बोटं घातली, हळूहळू फिरवली. तेवढ्यात कट्‌ असा आवाज आला. सोंड मोडून रबरातच राहिली.

नवऱ्याचा चेहरा पांढराफटक पडला.  सासऱ्यांनी साचा मांडीवर घेतला, लाकडी कोरणीने आतली माती कणाकणाने काढली आणि तो उजेडासमोर धरला. कुठे भोक नव्हतं.

"ओत," ते म्हणाले.

साच्यात ओतलेलं प्लास्टर आवळून घट्ट होईपर्यंत मी भिंतीला टेकून उभी होते.  या वेळी साचा सासऱ्यांनीच सोलला. सोंड अख्खी आली, बाकासकट. त्यांनी तिच्यावरून अंगठा फिरवला.

"कानावर फोड आलाय," ते लेकाला म्हणाले. "पुढच्या खेपेला पयला हात पातळ द्या."

मला हसू आलं आणि रडूही.

पुढे शेजारच्या जोहे गावचे कारागीर साचा बघायला यायचे. तो सोलून दाखवायचा मान सासऱ्यांनी कुणालाच दिला नाही.