मधली फळी

घड्याळवाले पुन्हा लग्न करतायत, ही बातमी वरच्या मजल्यावरच्या काकूंनी फोडली. पुरावा भक्कम होता. घरात साखरेचं पोतं आलं होतं आणि गच्चीवर सकाळपासून करवत चालली होती. "बायकोला जाऊन दोन महिने नाही झाले, अन् नवा पलंग!" काकूंनी सुस्कारा सोडला आणि लगेच नवरीचं वय विचारलं.

पलंग कसला, मधमाश्यांची पेटी होती ती. साखरेचा पाक माश्यांसाठी, थंडीची बेगमी म्हणून.

नवरा-बायकोची गच्चीवर एकेक पेटी होती आणि त्यावरून रोजची जुंपायची.

"तुमच्या माश्या तुमच्यासारख्याच, उन्हं डोक्यावर आल्याशिवाय उठत नाहीत."

"आणि तुझ्या तुझ्यासारख्या. येता-जाता डंख!"

यंदा तिच्या आजारपणात पेट्यांकडे कुणी बघितलंच नाही. दोन्हीकडे मूठ मूठ माश्या उरल्या. एवढ्याशा माश्यांना थंडी सोसत नाही. त्या एकत्र कराव्या लागतात. पण एकत्र केलं की दोन राण्या नांदत नाहीत, एक मारावी लागते. तिच्या पेटीतली राणी म्हातारी. म्हणजे कुणी मरायचं ते ठरलेलंच होतं.

घड्याळाचे काटे उचलायचा चिमटा घेऊन ते गच्चीवर गेले आणि चिमटा तसाच घेऊन खाली आले. मग तिच्या कपाटातला एक खण रिकामा केला, त्याची पातळ फळी काढली आणि नव्या पेटीच्या मधोमध बसवली. एका बाजूला त्यांच्या माश्या, दुसऱ्या बाजूला तिच्या. दोन राण्या, दोन दारं. ऊब मात्र फळीतून एकमेकींना. वरून गोणपाट घातलं, दारं बोटभर ठेवली. मग रोज सकाळी, बंद घड्याळाला लावावा तसा, दोन्हीकडे कान लावायचा आणि दोन्हीकडची गुणगुण ऐकूनच चहा घ्यायचा.

कडाक्याच्या थंडीत एका सकाळी तिच्या बाजूने आवाज आला नाही. त्यांनी टिचकी मारली. परत मारली. चहा राहिलाच.

दुपारी ऊन आल्यावर झाकण उघडलं. तिच्या साऱ्या माश्या फळीला चिकटून, एकमेकींत डोकी खुपसून, मेलेल्या. त्यांनी मऊ ब्रशने त्या हळूहळू कागदावर घेतल्या. फळीपलीकडे गुणगुण चालूच होती.

त्यांची थोरली बहीण रोजच्यासारखी जेवणाचा डबा आणि बोलणी घेऊन आली. कागदावरच्या माश्या बघून म्हणाली, "जे झालं ते झालं रे. आता फळी काढ. उरलेल्यांना जागा तरी होईल ऐसपैस."

"तिच्याकडचा मध देतो ना त्यांना. फळी राहू दे."

"अरे, रिकामी जागा कुणासाठी अडवून ठेवतोस?"

त्यांनी झाकण लावलं, गोणपाट नीट केलं.

"ताई, मी अजून पलंगावर माझ्याच कडेला झोपतो. आधी मला सरकव, मग त्यांना."