पाणी सोडणारा पुण्याला जातो

गोंदियाहून पुण्याची गाडी सुटली तेव्हा डब्यातले लोक शिदोऱ्या सोडत होते आणि मी गावच्या टाकीचा विचार करत होतो. आमच्या गावात पाणी मी सोडतो. टाकीखालचा व्हॉल्व्ह फिरवला की "नळ आले, नळ आले" (म्हणजे नळाला पाणी आलं) अशी हाकाटी होते आणि गल्लोगल्ली गुंड (घागरी) आदळू लागतात. आठवीत शाळा सुटली, तेव्हापासून मला येणारं काम हे एवढंच.

ग्रामपंचायतीनं मला पुण्याला पाणीपुरवठ्याचं शिकायला पाठवलं, ही माझ्यासारख्यासाठी केवढी गोष्ट! पण निघताना सरपंचबाई म्हणाल्या होत्या, "घरोघरी मीटर अन् चोवीस तास पाणी, असं करा म्हणतात. तू पाहून ये गा. मग ग्रामसभेत सांग, करावं का नाही." आता चोवीस तास पाणी आलं, तर ते सोडायला माणूस कशाला लागेल? नागपूर गेलं, वर्धा गेलं, तरी हा प्रश्न माझ्या शेजारी बसूनच होता. त्याला तिकीटही लागत नव्हतं.

पुण्यात माझी उतरायची सोय गावच्या मास्तरांच्या मावशीकडे, लीलाकाकूंकडे, कसबा पेठेत होती. रिक्षावाल्यानं गल्लीच्या तोंडाशी सोडलं आणि पुढे चालत जा म्हणाला. गल्ल्या अशा, की समोरून स्कूटर आली तर आपण कुणाच्या तरी दुकानात उभे. कुठे तांब्याची भांडी ठोकण्याचा आवाज, कुठे देवळातली घंटा. लीलाकाकूंनी दार उघडलं, गरम पोहे दिले. पोह्यांवर तर्री (तिखट रस्सा) नव्हती, पण तेवढ्या प्रवासानंतर ते अमृतासारखे लागले.

दुसऱ्या दिवशी सवयीनं पहाटे जाग आली. स्वयंपाकघरातला नळ सोडून पाहिला, तर धो धो पाणी! काकूंनी एवढा पाहुणचार केला, तर आपणही हातभार लावावा म्हणून मी पिंप भरलं. बादल्या भरल्या. मग गंज (पातेली) भरले. भांडी संपली तेव्हा कुकर घेतला.

काकू उठून आल्या आणि दारातच थांबल्या.

"अहो सुखदेव, आज आपल्याकडे लग्न आहे का?"

"नाही काकू, नळ आले होते. म्हटलं, जायच्या आत भरून ठेवावं."

"ते कुठेही जात नाहीत. इथेच राहतात. आता वरण कशात लावू, बशीत?"

माझा चेहरा बघून त्यांनाच हसू आलं. "लाजू नका हो. आमच्याकडे मीटर लागले, पाणी दिवसभर राहायला लागलं, तरी मीही रोज पिंप भरत होते. आणि रोज सकाळी मोरीत ओतत होते."

"चांगलं पाणी?"

"शिळं झालं ना ते! मीटरचा आकडा पळायला लागला तेव्हा आमचे हे म्हणाले, घरात माणसं दोन, पाणी सगळं मोरी पिते."

मी हसलो, आणि मग हसता येईना. आमच्याकडेही नळ आले की आधी शिळे गुंड दारात रिकामे होतात. पाणी पुरत नाही म्हणून खालच्या वस्तीतल्या बाया मला शिव्या घालतात, आणि वरच्या गल्लीनं ओतलेलं पाणी नालीतून त्यांच्याच दारावरून वाहत जातं. उद्या नळ येतील की नाही, या धाकानं भरायचं. आले की ओतायचं. मी भरलेलं पाणी वाया जाऊ नये म्हणून तो दिवस आम्ही कुंड्यांना पाणी घालण्यात आणि जिना धुण्यात काढला. शेजारच्या आजोबांनी विचारलं, "वहिनी, नवीन नोकर का?" काकू म्हणाल्या, "नाही, पाहुणे आहेत. गुण उधळतायत."

प्रशिक्षणाच्या वर्गात मी भीतभीत मागे बसलो होतो. मॅडमनी नाव घेऊन पुढे बोलावलं, फळ्यावर आमच्या गावची पाइपलाइन काढायला लावली. खडू हातात धरून किती वर्षं झाली होती! रेघ वाकडी आली, कोणी हसलं नाही.

शेवटी बसनं लोणी काळभोरच्या पुढे एका गावात नेलं. तिथे घराघरात मीटर होते. एका दारात भाकरी-पिठलं मिळालं. वाढणाऱ्या ताई म्हणाल्या, "मीटर लागलं तवा मीच लई बोंबलले. आता पानी हाय तर हाय, कशाला साठवायचं?"

मी हळूच विचारलं, "ताई, आधी पाणी सोडणारा माणूस होता, त्याचं काय झालं?"

"त्यो काय!" रस्त्याकडेच्या खड्ड्यात एक जण पाइपाशी बसला होता. मी जवळ गेलो.

"आधी लोक मला शोधायचे, आता मी गळती शोधतो," तो म्हणाला. "पर शिकावं लागलं. आम्ही दोघं हुतो. दुसऱ्याला न्हाई जमलं, गेला सोडून."

त्यानं लोखंडी सळई माझ्या हाती दिली. एक टोक पाइपावर, दुसरं कानाला. आत बारीक सूं सूं ऐकू आलं, तीच गळती. परतीच्या गाडीत तो आवाज आणि तो दुसरा माणूस, दोन्ही डोक्यात होते.

ग्रामसभा भरली. सरपंचबाई म्हणाल्या, "बोल गा, तुले काय वाटते?"

"करा," मी म्हणालो. "आधी वरच्या गल्लीत करून पाहा. आपल्याकडे पाणी कमी नाही, भरवसा कमी आहे."

मागून कोणी ओरडलं, "अन् तू काय करशील? दिवसभर झोपशील?"

सगळे हसले, मीही हसलो. "गळती शोधायचं थोडं शिकून आलो. जमलं तर ठेवा." मग हात वर झाले. त्यांत माझाही होता.

आजवर गाव मला एकच विचारत आलं, पाणी कधी सोडतो. मला काय वाटतं, हे त्या दिवशी पहिल्यांदा विचारलं. पाठवणाऱ्यांचे, जेवू घालणाऱ्यांचे, खडू देणाऱ्यांचे उपकार मी कसे फेडू?

वरच्या गल्लीत आता खोदकाम सुरू आहे. माझं पुढे काय, ते अजून ठरलेलं नाही. पण काल पाइप खड्ड्यात उतरवताना सांधा धरायला माणूस हवा होता, तेव्हा खोदणाऱ्यांनी मला हाक मारली.