अमेरिकेच्या रागाचे सटाण्यातील प्रास्ताविक

नाशिक रोडहून सकाळी एसटीने निघालो तेव्हा पिशवीत एकतीस पानांचे टिपण होते. वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी मी सटाण्याच्या वाचनालयात आयुष्यातले पहिले व्याख्यान देणार होतो. महाविद्यालयाचे ग्रंथालय सांभाळताना मी आयुष्यभर लोकांना ‘शांतता राखा’ एवढेच सुनावले होते. विषय मात्र भारदस्त निवडला होता : अमेरिकी राजकारणातील उजव्या लोकानुनयाची मुळे.

देवळा गावाच्या पुढे कांद्याच्या चाळी (हवेशीर कोठारे) दिसू लागल्या. शेजारच्या बाईंची कोथिंबीर माझ्या मांडीवर होती. ती उचला, असे म्हणण्याचा धीर सटाणा येईपर्यंत झाला नाही.

वाचनालयाचे चिटणीस दौलतअप्पा कांद्याचे व्यापारी. त्यांच्या घरच्या शेवभाजीने मला अशी उचकी लागली, की काय बोलणार हे त्यांनी विचारताच मी सारांशाचे पानच त्यांच्या हाती दिले. सव्वाशे वर्षांपूर्वी रेल्वेवर आणि बँकांवर संतापलेले शेतकरी. पुढे तोच राग नेत्यांनी अधिकारी, परके आणि शिकलेली मंडळी यांच्याकडे कसा वळवला, असा तो सारांश होता.

सायंकाळी शाल-नारळ झाला आणि अप्पा प्रास्ताविकाला उठले. पाच मिनिटांचे प्रास्ताविक तासभर चालले. माझा एकही मुद्दा त्यांनी सोडला नाही. फक्त अमेरिकेच्या जागी सटाणा आणला.

“तिकडच्या शेतकऱ्याला चिडायला रेल्वे तरी होती. सटाण्याला तीबी नाय.” मग बोट माझ्याकडे वळले. “आन् आता नाशिकचे शिकलेले लोक येतात, आपल्याला राग कसा येतो ते आपल्यालाच शिकवायला.”

सभागृह दणाणले. मांडीवरचा नारळ खाली ठेवून मीही टाळ्या वाजवल्या.

माझी पाळी आली तेव्हा पुढच्या कार्यक्रमाचे भजनी मंडळ टाळ घेऊन दारात उभे होते. टिपण पिशवीतच राहिले.

“माझा विषय अप्पांनी करून दाखवला,” मी म्हणालो. “बोट माझ्याकडे होते, तरी टाळ्या मीही वाजवल्या. मनापासून वाजवल्या. त्या का वाजल्या, हेच मला आज सांगायचे होते. पण ते अद्याप मला कळलेले नाही, असे दिसते.”

अप्पा जमिनीकडे बघत होते. मग पहिल्या रांगेतले एक म्हातारबाबा शांतपणे म्हणाले, “म्हंजे तठे बी आसंच शे.” (तिथेही असेच आहे.) सर्वांत आधी अप्पाच हसले.

दुसऱ्या दिवशी घरी पोचलो. किती वेळ बोललात, असे पत्नीने विचारले. तीन मिनिटे, मी म्हणालो, आणि आयुष्यात प्रथमच आपले बोलणे कमी वाटले. नारळ तिच्या हाती दिला, कोरा कागद घेतला आणि पहिले वाक्य लिहिले : ‘टाळ्या मीही वाजवल्या.’ ती एकतीस पाने आता तिथून सुरू होणार होती.