बाई-सानची आठवारी

बाई कुठलीही वस्तू आधी उलटी करून बघत. दुकानात शर्ट हातात घेतला की रंग नाही, गळा नाही, किंमत तर नाहीच. आधी त्याची आतली बाजू बाहेर. मग बगलेतली शिवण दोन्ही हातांनी ताणायची, काजाचा दोरा नखानं खरवडायचा आणि कॉलर चिमटीत धरून कानाशी न्यायची. कानाशी का, हे मी एकदा विचारलं. "आत कागदासारखं अस्तर घातलेलं असलं की कुरकुरतं," त्या म्हणाल्या. "वरून काय रे, सगळंच छान दिसतं." जपानातल्या उरायासू स्टेशनजवळच्या कपड्यांच्या दुकानातल्या मुली त्यांना चांगल्या ओळखायच्या. बाई आल्या की एक मुलगी घड्या घालत त्यांच्या मागे मागे फिरायची. निघताना बाई तिच्यापुढे कमरेतून वाकून माफी मागायच्या, आणि पुढच्या शनिवारी पुन्हा हजर.

माझं लग्न झाल्यावर रेवतीनं आणि मी निशी-कसाईला घर घेतलं, म्हणजे भाड्यानं, आणि हौसेनं नवा सोफा आणला. बाई बघायला आल्या. "छान आहे," म्हणाल्या, आणि बसायच्या आधी, "सुहास, जरा ती बाजू धर." आम्ही दोघांनी सोफा आडवा केला. रेवती हातात चहाचा ट्रे घेऊन दारातच उभी. बाईंनी खालचं कापड चाचपलं, पट्ट्या दाबून बघितल्या, सोफा सरळ केला आणि त्यावर ऐसपैस बसत म्हणाल्या, "पाहुणे फार बोलवू नका." रेवतीला तेव्हा त्यांचा राग आला होता. दिवाळीला तिचे आईवडील आले, मामा आले, आणि सगळे एकदम बसले तेव्हा सोफ्याची मधली पट्टी मोठा आवाज करून तुटली. रेवतीचा राग गेला तो तेव्हापासून.

बाई मूळच्या सांगलीच्या. तंतूंवर संशोधन करायला तरुणपणी जपानला आल्या आणि राहिल्या. धागा किती ताणला म्हणजे तुटतो, हे शोधण्यात त्यांचं आयुष्य गेलं. मी त्यांच्या प्रयोगशाळेत पीएचडीला आलो तेव्हा पहिल्याच दिवशी, आमच्या कोल्हापुरातल्या शाळेच्या सवयीनं, त्यांना 'बाई' म्हणून हाक मारली. आजूबाजूच्या जपानी मंडळींना वाटलं हे त्यांचं घरचं नाव असणार. आठवड्याभरात सगळी संस्था त्यांना, आपण 'जी' लावतो तसं 'सान' लावून, 'बाई-सान' म्हणायला लागली. जपानीत बाई म्हणजे दुप्पट. आमचे प्रोफेसर म्हणाले, "नाव बरोबर आहे. त्या दोघांचं काम करतात." बाईंनाही ते नाव आवडलं असावं, कारण त्यांनी ते कधी दुरुस्त केलं नाही.

त्यांच्या आयुष्यात ड्रम आला तो ओकादा-सानमुळे. ओकादा-सान संस्थेतले मायक्रोस्कोप सांभाळायचे आणि रविवारी बॅगपाइप, म्हणजे काखेत पिशवी दाबून वाजवायची स्कॉटिश पिपाणी, वाजवायचे. त्यांच्यासारख्या नोकरदार हौशी माणसांचा एक बँड होता. इथल्या घरांच्या भिंती पातळ, त्यामुळे सराव आराकावा नदीच्या काठी, पुलाखाली. त्यांच्या मोठ्या ड्रमवाल्याची ओसाकाला बदली झाली. जेवणाच्या सुट्टीत ओकादा-सान हे दुःख सांगत होते, तेव्हा बाई भेंडीचा डबा बाजूला ठेवून म्हणाल्या, "मी वाजवीन की."

आम्ही हसलो. बाई हसल्या नाहीत. शाळेच्या बँडमध्ये मोठा ड्रम त्यांच्याकडे होता. "उंच होते म्हणून दिला, आणि मग मी दहावीपर्यंत कुणाला हात लावू दिला नाही," त्यांनी सांगितलं. त्या रविवारी मी मुद्दाम बघायला गेलो. पट्टे खांद्यावर चढवून बाईंनी ड्रम छातीपुढे घेतला. पहिले दोन-तीन ठोके चुकले. मग त्यांचे खांदे सैल झाले, हात पार डोक्याच्या वर गेला आणि असा ठोका पडला की पुलाखालची सगळी कबुतरं उडाली. ओकादा-सानच्या डोळ्यांत पाणी आलं. ते म्हणाले वाऱ्यामुळे.

बँडचा मोठा कार्यक्रम नोव्हेंबरात असायचा, समुद्रकाठच्या पार्कात. त्यासाठी बाईंना किल्ट हवा होता. स्कॉटलंडातले लोक कमरेला नेसतात तो चौकड्यांचा, मागे निऱ्या असलेला. चौकडा बँडचा ठरलेला, पण स्वस्त घ्यायचा की महाग, हे ज्याचं त्यानं बघायचं. एका शनिवारी ओकादा-सान, बाई आणि मी अशा दुकानात गेलो जिथे एक म्हातारे गृहस्थ फक्त स्कॉटलंडातल्याच वस्तू विकायचे. त्यांनी टेबलावर दोन किल्ट ठेवले. एकाची किंमत आम्ही तिघांनी बाहेर जेवावं एवढी, दुसऱ्याची बाईंच्या घराच्या महिन्याच्या भाड्याएवढी. समोरून मला तरी दोन्ही सारखेच दिसले.

बाईंनी दोन्ही उलटे केले. म्हातारे मालक पुढे झाले, त्यांना वाटलं या आता काही फाडणार. बाईंनी स्वस्तातला उचलला. "अस्तर नाही. निऱ्या इस्त्रीनं बसवल्यात, शिवून धरलेल्या नाहीत. म्हणजे या चुण्या झाल्या, निऱ्या नाहीत. आणि हा बक्कल बघ, एकाच पदरी कापडावर टाचलाय. सगळा भार याच्यावर." मग दुसरा. त्याच्या आत जाड कॅनव्हास होता, कमरेचा ताण त्यानं घ्यावा म्हणून. प्रत्येक निरी हातानं शिवलेली. खालची कड दुमडलेली नव्हती. कापडाचा मूळ काठच तळाशी आणलेला. आणि निऱ्या अशा घातलेल्या की चौकडा मागच्या बाजूलाही न तुटता सलग दिसत होता. बाई त्यावरून हात फिरवत राहिल्या.

"आठ यार्ड कापड आहे," मालक अभिमानानं म्हणाले.

"आमच्याकडे नऊ नेसतात," बाई त्यांना जपानीत म्हणाल्या, आणि मग माझ्याकडे वळून मराठीत, "आठवारी आहे रे ही, सुहास!"

म्हाताऱ्यांनी चष्मा काढून पुसला. त्यांच्याकडे येणारे लोक आधी किंमत विचारतात, काठाबद्दल कुणी विचारत नाही, असं ते म्हणाले आणि त्यांनी आम्हाला आतून खुर्च्या आणून दिल्या.

पण बाईंनी त्या दिवशी काहीच घेतलं नाही. त्यांना जवळून ओळखणाऱ्यांना हे ठाऊक होतं. सगळं उलटंपालटं करून, कुठला सगळ्यात चांगला हे ओळखून, त्या स्वतःसाठी नेहमी मधला किंवा त्याच्याही खालचा घ्यायच्या. चांगला ओळखायचा तो दुसऱ्यासाठी. माझा लग्नातला सूट त्यांनी निवडलेला, तो अजून नव्यासारखा आहे. त्यांचा हिवाळी कोट मात्र मी आलो तेव्हापासून तोच होता.

शिवाय मार्चअखेर त्यांची नोकरी संपणार होती. त्यानंतर सांगलीला भाऊ-भावजयीकडे जायचं ठरलं होतं. परतीच्या ट्रेनमध्ये मी त्यांना व्यवहार समजावून सांगितला. "बाई, जेमतेम सहा महिने वापरणार तुम्ही. सांगलीत कुठे नेसणार आहात हा? स्वस्तातला घ्या."

"दादाही फोनवर हेच म्हणाला," त्या म्हणाल्या. "म्हणाला, या वयात परकर कसला शिवतेस." मग खिडकीबाहेर बघत राहिल्या. नेहमीसारखं हसल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या आठवड्यात बँडमधल्या एकानं त्यांना सरावापुरता आपला जुना किल्ट दिला. तो आम्ही दुकानात बघितलेल्या स्वस्त किल्टचाच भाऊ. त्या रविवारी नदीवर वारा होता. बँड ओळीत चालायला लागला आणि बाईंच्या निऱ्यांनी आपापल्या दिशा धरल्या. आत लांब काळा पायजमा होता म्हणून बरं. ड्रममुळे त्यांना खालचं काही दिसत नव्हतं. मी आणि रेवती काठावर बसलो होतो, आमची लेक मीरा मध्ये. अर्ध्या वाटेत टक्कन आवाज झाला आणि बक्कल गवतात उडाला. किल्ट एका बाजूनं घसरायला लागला. बाईंनी डावं कोपर कमरेशी आवळलं, ड्रम पोटाशी दाबला आणि उजव्या हातानं ठोका चालू ठेवला. एकही चुकला नाही. बाकीची मंडळी हसू दाबत पाइपमध्ये फुंकत होती, त्यामुळे सूर चित्रविचित्र येत होते. धून संपेपर्यंत बाई तशाच चालत राहिल्या. थांबल्यावर त्यांनी सगळ्यांना शांतपणे सांगितलं, "आता कृपा करून नदीकडे बघा."

बारा माणसं वळून नदीकडे बघत उभी राहिली. मग आधी बाईच हसायला लागल्या. इतक्या की त्यांना गवतात बसावं लागलं. मीरा धावत जाऊन बक्कल शोधून घेऊन आली.

परत जाताना मी पुन्हा माझं गणित काढलं. म्हटलं, बक्कल नीट शिवून घेऊ, अस्तर लावू, सहा महिने सहज निघतील.

"आणि सहा महिन्यांनी मी काय मरणार आहे?" बाई म्हणाल्या.

त्यांनी ते हसत म्हटलं. थोडं चालून गेल्यावर त्या म्हणाल्या, "तुमचं सगळ्यांचं बघ, मी परत जाणार म्हणजे आता आवरायचं, असं धरून चाललाय तुम्ही. दादाही. मीसुद्धा तसंच धरून चालले होते की. आज तो किल्ट घसरत असताना मला काय वाटलं सांगू? हे मला इतकं आवडतंय, तर मी हे अंगावर नीट धरून का वाजवू नये?"

मंगळवारी ऑफिसातून अर्धा दिवस सुट्टी काढून त्या एकट्याच त्या दुकानात गेल्या. चांगला किल्ट मापानं शिवून घ्यावा लागणार होता. म्हाताऱ्या मालकांच्या बायकोनं माप घेतलं. मालक शिवण किती आत ठेवायची हे विचारायला लागले, पुढे कंबर वाढली तर सोडवता यावी म्हणून. बाईंनी सांगितलं, "भरपूर ठेवा. सांगलीला माझी भावजय तूप वाढते."

किल्ट कार्यक्रमाच्या आदल्या आठवड्यात आला. बाईंनी तो आम्हाला दाखवायला आणला आणि अर्थातच आधी आतून दाखवला. रेवतीनं तो हातात घेतला आणि दचकली, "केवढा जड आहे हो!" "वाऱ्याला सांग," बाई म्हणाल्या.

कार्यक्रमाच्या दिवशी वारा समुद्रावरून सरळ अंगावर येत होता. लोकांच्या टोप्या उडत होत्या. बँड आला तो बाईंच्या ठोक्यावर. त्या शेवटच्या ओळीत मधोमध, केस घट्ट बांधलेले, मान ताठ. प्रत्येक पावलाला मागच्या निऱ्या एकदम डावीकडे जात, एकदम उजवीकडे येत, आणि पुन्हा जिथल्या तिथे मिटत. एकही निरी ओळ सोडून गेली नाही. मीरा माझ्या खांद्यावर बसून जपानीत ओरडत होती, "बाई-सान काक्कोई!" म्हणजे बाई भारी दिसतायत. तिला मराठीत बोल म्हणून आम्ही एरवी मागे लागतो. त्या दिवशी कुणी लागलं नाही.

नंतर मी फोटो काढायला गेलो तर बाई पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. "समोरून कशाला काढतोस? तोंड काय, सगळ्यांनी पाहिलंय. निऱ्या येऊ देत." माझ्याकडे त्यांचे त्या दिवसाचे सगळे फोटो असे पाठमोरेच आहेत. एकात मात्र त्या मान वळवून बघतायत, तेवढाच चेहरा आहे, आणि तो मी त्यांचा इतकी वर्षं पाहिलेला चेहरा नव्हे. त्याहून बराच तरुण आहे.

मार्चअखेर आम्ही त्यांना विमानतळावर सोडायला गेलो. सामान ठरल्या वजनापेक्षा जास्त भरलं. काउंटरवरच्या मुलीनं नम्रपणे सांगितलं, काहीतरी काढावं लागेल. बाईंनी बॅग उघडून किल्ट काढला, पँटवरूनच कमरेला गुंडाळला, तिन्ही बक्कल लावले आणि बॅग पुन्हा काट्यावर ठेवली. वजन बरोबर बसलं. काउंटरवरच्या मुलीनं तोंडावर हात धरला. मग बाईंनी आम्हा सगळ्यांना पाठीवर थोपटलं, मीराचा पापा घेतला, आणि आत जाणाऱ्या गर्दीत तो चौकडा डावीकडे उजवीकडे हलत दिसेनासा झाला.

बँडचा मोठा ड्रम पुन्हा रिकामा पडला. यंदा उन्हाळ्यात एका रविवारी ओकादा-साननं सहज विचारलं आणि रेवती, जिनं आयुष्यात कधी टाळीसुद्धा ठेक्यात वाजवली नव्हती, ती "बघते" म्हणाली. आता ती दर आठवड्याला पुलाखाली जाते. गेल्या महिन्यात किल्टचा विषय निघाला. मी किमती सांगायला लागलो, तेवढ्यात तिनं सांगलीला व्हिडिओ कॉल लावला.

बाई अंगणात बसून वाटाणे सोलत होत्या. सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "किंमत राहू दे. आधी मला सांग, किती वर्षं वाजवणार आहेस?"

रेवती गोंधळली. माझ्याकडे बघितलं. "खरं सांगू, बाई? मला नाही माहीत."

"हां," बाई पुढची शेंग सोलत म्हणाल्या, "मग चांगलाच घे."