हलगी इथं वाजणार नाही

"ये किसका है?"

तपासणीच्या पट्ट्यावरून माझी हलगी बाजूला काढली होती. हुबळीच्या विमानतळावर. बाकीच्यांच्या बॅगा सरळ पुढं जात होत्या. माझीच तेवढी थांबली.

"मेरा," मी म्हटलं.

पहिल्यांदाच विमानात बसणार होते. दिल्लीला लोककलेचा कार्यक्रम होता. धारवाडला मळमड्डीत राहणारे एक सर आम्हाला असे कार्यक्रम मिळवून द्यायचे. तेही सोबत होते. त्यांची बॅग केव्हाच पार झाली होती.

वर्दीतल्या बाईनं मला पडद्याआड नेलं. हात पसरायला सांगितले. पाठीवरून, कमरेवरून यंत्र फिरवलं. अळणावरजवळच्या आमच्या खेड्यात वर्दी दिसली की अव्वा, माझी आई, दार लावून घ्यायची. इथं लावायला दार नव्हतं.

बाहेर आले, तर दुसरा एक वर्दीवाला हलगीचं कातडं नखानं टोकरत होता.

"ये चमड़ा किस जानवर का है?"

दरदरून घाम फुटला. या प्रश्नावरून माणसं मार खातात हल्ली.

"बकरी का," म्हटलं. "बकरी का है, साहब." पुन्हा तेच. त्यानं विचारलं नव्हतं तरी.

तेवढ्यात सर पुढं आले. वाटलं, आता सांगतील. ही कलाकार आहे, हिला दिल्लीनं बोलावलंय.

सर हसले. "अजी, इन लोगों का तो यही धंधा है." मग माझ्याकडं वळले. "वाजवून दाखव गं जरा. यांची खात्री पटेल. लोकांची करमणूक पण होईल."

रांगेतल्या दोघांनी मोबाईल वर धरले.

तपासणाऱ्यांनी वाजवायला सांगितलंच नव्हतं. सरांनी सांगितलं.

माझा हात उचलला गेला. खोटं कशाला सांगू. अप्पाचा असाच उचलला जायचा. गावच्या गौडाकडं, म्हणजे पाटलाकडं, पाहुणे आले की हलगी घेऊन यायचं बोलावणं यायचं. गौडा कट्ट्यावर बसून नुसतं बोट हलवायचा. अप्पा जेवता जेवता उठून आलेला असायचा. मी मागं उभी. अप्पाची वाकलेली मान बघत.

हात खाली घेतला.

"वाजवणार नाही, सर."

"काय?"

"त्यांना काय तपासायचं ते तपासू दे. कातडं फाडून बघू दे. इथं मी वाजवणार नाही."

बोलताना दातावर दात आपटत होते.

बाईनं हलगीवरून कापडाची एक पट्टी फिरवली. स्फोटकं शोधायच्या यंत्राला लावली. "ठीक है, जाइए."

एवढंच काम होतं.

विमानाच्या पायऱ्या चढताना सर हळूच म्हणाले, "तुला विमान मी दाखवलं. विसरू नको."

खिडकीजवळची जागा होती. खाली काय दिसलं, आठवत नाही. कमरेला बांधलेला सीटचा पट्टा दोन्ही हातांनी धरून बसले होते.

दिल्लीत वाजवलं. ठरलं होतं म्हणून वाजवलं. माझी ओळख करून द्यायला सर माइककडं निघाले, तेव्हा मीच पुढं झाले. नाव, गाव, जात, माझ्या तोंडानं सांगितली.

त्यानंतर सरांनी बोलावलं नाही. हातातले कार्यक्रम गेले. "एवढ्यानं काय बिघडलं असतं?" अप्पा म्हणाला. अजून नीट बोलत नाही.

विमानतळ म्हटलं की अजून छातीत धडधडतं. पण जाणार. पुन्हा बाजूला काढतील, काढू दे. बॅग उघडेन, हात पसरेन. पण तिथं कुणाच्या करमणुकीसाठी हलगीला बोटसुद्धा लावणार नाही. भीती जाईल तेव्हा जाईल. तोवर भीत भीतच नाही म्हणेन.